भटक्यांचीं दोन गाणीं

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसास, त्यांतील गाणीं कशीं होतीं, असें विचारलें तर तो तत्काळ उत्तर देतो. पण पार्श्वसंगीत कसें होतें, असें विचारलें तर क्षणभर गोंधळतो. तें त्यानें ऐकलेलें असतें. नायिकेच्या डोळ्यांत पाणी येण्यापूर्वींच त्याचा गळा दाटून आला, तो त्याच संगीतामुळें; खलपुरुष दारांत दिसण्यापूर्वींच त्याच्या अंगावर कांटा उभा राहिला, तोहि त्याच संगीतामुळें. तथापि आपण कांहीं ऐकलें, याची त्याला जाणीव नसते. कानांवर पडावें आणि ध्यानांत येऊं नये, हाच या कलेचा धर्म होय.

मनुष्यसमाजांतहि कांहीं लोकांची अशीच गत असते. ते आपल्याला दिसतात, आणि तरी आपण त्यांना पाहत नाहीं. गांवोगांव पालें टाकीत हिंडणारे डोंबारी, गोंधळी, नाथजोगी, कोल्हाटी हे आपल्याकडचे असे लोक. आणि युरोपांत गेलीं सहाशें वर्षें तसेच हिंडलेले जिप्सी, अर्थात् रोमा, हे तिकडचे. या लोकांचे सूर उचलून मोठमोठ्या वाद्यवृंदांनीं चित्रपटांचें संगीत सजविलें, ही गोष्ट आतां नवी राहिलेली नाहीं. त्या देवघेवींत कोणीं काय घेतलें, आणि कोणाचें काय देणें राहिलें, एवढाच प्रश्न मला येथें विचारावयाचा आहे.

प्रथम रोमांची ओळख करून घेऊं. त्यांचें मूळ हिंदुस्थानांत आहे, हें अनुमान कविकल्पनेवर नव्हे, तर भाषेवर उभें आहे. १७८२ सालीं योहान रूडिगर या जर्मन पंडितानें त्यांची बोली हिंदुस्थानांतील भाषेशेजारीं ठेवून पाहिली, आणि नातें उघड झालें. मराठी वाचकास तर त्यासाठीं पंडिताचीहि गरज पडूं नये. त्या भाषेंत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, माणसाला ‘मनुष’ असेच शब्द आहेत. आंकडे मोजतांना ‘एख, दुय, त्रिन’ अशी सुरुवात होते, आणि दहा म्हणजे ‘देश’. मात्र मधल्या सात, आठ, नऊ या तीन संख्यांचे शब्द ग्रीक आहेत. म्हणजे हे लोक सुमारें हजार वर्षांपूर्वीं येथून निघाले, वाटेंत इराण, आर्मेनिया आणि ग्रीक मुलूख येथें त्यांचे मुक्काम झाले, आणि प्रत्येक मुक्कामावरून कांहीं शब्द गांठीस बांधून ते पुढें गेले. त्यांनीं इतिहास लिहून ठेवला नाहीं. त्यांची बोली हीच त्यांची प्रवासाची वही. आमच्या लमाणांशीं वा डोंबाऱ्यांशीं त्यांचें थेट रक्ताचें नातें जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. लमाणांची बोली राजस्थानी बोलींच्या कुळांतील आहे, आणि तिची वाट निराळी आहे. या लोकांमधील साम्य रक्ताहून नशिबाचें अधिक.

आणि तें नशीब कसें, तेंहि सांगितलें पाहिजे. आजच्या रूमानियाच्या मुलुखांत रोमा हे शतकानुशतकें गुलाम म्हणून विकले जात. ती प्रथा १८५५-५६ सालीं संपली. दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं त्यांपैकीं लक्षावधि लोकांचा संहार केला. आमच्याकडे इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली, त्यांत पुढें पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती गोंविल्या गेल्या. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. पण फौजदाराच्या मनांतून तो रद्द व्हावयास फार वेळ लागला. जत्रेला ज्यांना बोलवावयाचें, चोरी झाली कीं ज्यांच्या पालांकडे आधीं धांवावयाचें, असे हे दोन्हीकडचे लोक.

त्यांचें संगीत युरोपच्या वाद्यवृंदांत कसें शिरलें, तें पाहण्यासारखें आहे. कारण पुढें चित्रपटांनीं जें केलें, त्याचा कित्ता तेथेंच गिरविला गेला होता. एकोणिसाव्या शतकांत हंगेरीच्या उपाहारगृहांतून आणि मेजवान्यांतून रोमा वादकांचे ताफे वाजवीत असत. पुढें उभा राहून व्हायोलिन रडविणारा नायक, मागें साथीचीं व्हायोलिनें, आणि मध्यें ‘चिंबालोम’ हें आपल्या संतुराच्या कुळांतील, काड्यांनीं वाजविण्याचें तंतुवाद्य, असा त्यांचा थाट. फ्रांझ लिस्ट या थोर संगीतकारानें तें संगीत आपल्या हंगेरियन ऱ्हॅप्सोडींत घेतलें, आणि १८५९ सालीं ग्रंथ लिहून, हंगेरीचें संगीत हें मूळ जिप्सींचेंच, असें प्रतिपादन केलें. एक विशिष्ट स्वरसप्तकहि ‘जिप्सी’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. त्यांत गांधार व धैवत कोमल, मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध; म्हणजे कर्नाटक संगीतांतील सिंहेंद्रमध्यमाचेच स्वर. कोमल गांधारावरून तीव्र मध्यमावर जी लांब उडी पडते, तींत एक हुरहूर आहे खरी. पुढें चित्रपटांत रानांतील शेकोटी, भविष्य सांगणारी स्त्री, किंवा घर सोडून पळालेली तरुणी दाखवावयाची असली, कीं वाद्यवृंदाला ती एक उडी पुरेशी होऊं लागली.

लिस्टच्या सिद्धान्ताला धक्का बसला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. १९०५-०६ पासून बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोघे तरुण संगीतकार फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडूं लागले, आणि शेतकऱ्यांचीं गाणीं त्यांनीं मेणाच्या नळकांड्यांवर उतरून घेतलीं. तेव्हां दिसून आलें कीं, हंगेरीचें जुनें ग्रामसंगीत निराळेंच आहे. आणि शहरांतले रोमा ताफे जें वाजवीत, तें बहुतांशीं हंगेरियन रचनाकारांचें लोकप्रिय नागर संगीत आहे. रोमांनीं त्याला आपला साज चढविला होता, एवढेंच. मग रोमांचें स्वतःचें गाणें होतें कोठें? तें त्यांच्या वस्तींत होतें. पुढच्या काळांतील संग्राहकांना आढळलें कीं, हंगेरींतील कित्येक रोमा आपसांत गातात तेव्हां व्हायोलिनला हातहि लावीत नाहींत. कोणी पाण्याच्या पत्र्याच्या भांड्यावर ताल धरतो, कोणी चमचे वाजवितो, कोणी तोंडानेंच खर्जाचे बोल काढतो. आणि कधीं कधीं तर तेंहि नाहीं, नुसताच गळा.

मला या साऱ्या प्रकरणाची किल्ली येथें दिसते. भटक्या कलावंताजवळ दोन गाणीं असतात: एक दाराचें आणि दुसरें पालाचें. दाराचें गाणें तो आपल्यासाठीं गातो. आपल्याला काय आवडतें, कोणत्या सुरावर आपला हात खिशाकडे जातो, हें त्याला पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक असतें. पालाचें गाणें तो आपल्या माणसांसाठीं गातो. त्यांत तो आपल्या मेलेल्यांना आठवितो, लेकीला सासरीं पाठवितो, आणि दिवसभराचा अपमान गिळतो. वाद्यवृंदानें दोनशें वर्षें जें उचललें तें दाराचें गाणें. आणि समजूत करून घेतली कीं, आपण पालांत जाऊन आलों. त्यामुळें त्या संगीतांत आपल्याला जिप्सीचा चेहरा दिसला असें वाटलें, तेव्हां बहुधा दिसला तो आपलाच चेहरा.

हा दोष केवळ संगीताचा नव्हे. मॅथ्यू अर्नोल्डची १८५३ सालची ‘स्कॉलर जिप्सी’ ही कविता मी कित्येक वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. ऑक्सफर्डचा एक गरीब विद्यार्थी विद्यापीठ सोडून जिप्सींत जाऊन मिसळतो, असा तिचा विषय. कविता सुंदर आहे. पण तींत जिप्सी स्वतः तोंड उघडून बोलत नाहींत. विद्यार्थ्याच्या वैराग्याला ते नेपथ्य पुरवितात. भटक्यांना आपल्या मुक्ततेच्या स्वप्नाचें नेपथ्य करावयाचें, आणि त्यांच्या प्रत्यक्ष पायपिटीकडे पाहावयाचें नाहीं, ही नागर मनाची जुनी खोड आहे.

चित्रपटांनीं ही खोड पुढें चालविली, तशी क्वचित् मोडलीहि. १९६७ सालीं युगोस्लाव्हियांत अलेक्झांडर पेत्रोविच यानें पिसांचा व्यापार करणाऱ्या रोमांवर चित्रपट काढला, त्यांत अनेक रोमांनीं स्वतः कामें केलीं आणि त्यांचीच भाषा बोलली गेली. त्या चित्रपटांत ‘गेलेम, गेलेम’ या गीताची चाल ऐकूं येते. ‘गेलेम’ म्हणजे मी गेलों. मराठी कानाला त्याचा अर्थ सांगावाच लागत नाहीं. हीच चाल, जार्को योवानोविच या रोमा कलावंताच्या शब्दांसह, १९७१ सालीं लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेनें आपलें राष्ट्रगीत म्हणून स्वीकारली. ज्यांना राष्ट्र नाहीं त्यांनीं राष्ट्रगीत निवडावें, आणि तें ‘चालत गेलों’ असें सांगणारें निवडावें, यापरतें बोलकें दुसरें काय असणार?

१९८८ सालच्या एमिर कुस्तुरित्साच्या चित्रपटासाठीं गोरान ब्रेगोविच यानें बाल्कन रोमांचें ‘एदेरलेझी’ हें वसंतोत्सवाचें गाणें घेतलें, त्याला समूहस्वरांची आणि वाद्यमेळाची भव्यता दिली, आणि तें जगभर गेलें. नदीच्या पाण्यांत उभ्या असलेल्या माणसांच्या त्या दृश्यावर तें गाणें पसरतें तेव्हां अंगावर शहारे येतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण आज पुष्कळ श्रोत्यांना तें ब्रेगोविचचें गाणें म्हणूनच ठाऊक आहे. २०११ सालच्या शेरलॉक होम्सवरील चित्रपटासाठीं हान्स झिमर हा हॉलिवुडचा नामवंत संगीतकार स्लोव्हाकियांतील रोमा वस्त्यांत गेला, आणि तेथील वादकांनाच त्यानें ध्वनिमुद्रणांत वाजवावयास घेतलें. आणि टोनी गतलिफ, जो स्वतः रोमा वंशाचा, त्यानें १९९३ सालच्या ‘लाच्चो द्रोम’ या चित्रपटांत संवादच ठेवले नाहींत. राजस्थानच्या वाळवंटापासून स्पेनपर्यंत ज्या त्या ठिकाणचे लोक आपलें आपलें गाणें गात जातात, आणि चित्रपट त्यांच्यामागून मुकाट्यानें चालतो. चाल घेणें, माणसाला घेणें आणि माणसामागून जाणें, अशा या तीन पायऱ्या आहेत.

आतां आपल्या घरीं येऊं. मराठी चित्रपटाचें आणि भटक्यांच्या कलेचें नातें जुनें आहे. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’मध्यें वसंत देसाई यांनीं, १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मध्यें वसंत पवार यांनीं, आणि १९७२ च्या ‘पिंजरा’मध्यें राम कदम यांनीं ढोलकी-तुणतुण्याची लावणी पडद्यावर आणली. ही लावणी जगविणाऱ्या स्त्रियांत कोल्हाटी समाजाच्या स्त्रियांचा वाटा फार मोठा. कसरती करीत गांवोगांव हिंडणारा हा समाज, आणि पुढें फडावर त्याच्या लेकी नाचूं लागल्या. पडद्यावर नृत्य आलें, ठेका आला, शृंगारहि आला; आवाज मात्र पार्श्वगायिकेचा. फडावरचें गाणें हें तर उघडच दाराचें गाणें. तें संपल्यावर त्या नाचणारीच्या घरांत काय चालतें, हें मराठी वाचकाला कळलें तें चित्रपटाकडून नव्हे, तर किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ सालच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनामुळें.

लोकसंगीत आणि वाद्यवृंद यांचा सांधा जोडण्याचें काम मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत बहुतांशीं गोमंतकीय वादकांनीं केलें. चर्चच्या शाळेंत पाश्चात्य स्वरलेखन शिकून आलेले हे लोक. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी, आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखा वाद्यसंयोजक ती कागदावर उतरून चाळीस-पन्नास वाद्यांत वांटून देई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं तर १९५८ सालीं मुंबईंत हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या रचनांसाठीं स्वतंत्र वाद्यवृंदच उभा केला. हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे. शंभर माणसांनीं एकत्र वाजवावयाचें तर प्रत्येक मात्रा आधीं लिहिलेली पाहिजे, आणि गति ठरलेली पाहिजे. उलट गोंधळ्याचें संबळ पाहा. भक्ताच्या अंगांत देवीचा संचार होऊं लागला, कीं तें आपोआप चढत जातें. किती चढावें, हें संबळवाल्याला समोरच्या माणसाच्या डोळ्यांवरून कळतें. हलगीचें कातडें गार पडलें, कीं वादक मध्येंच थांबून तें जाळावर शेकतो. यांतलें कांहींच कागदावर लिहितां येत नाहीं. ध्वनिमुद्रणांत त्या वादकाच्या कानाला यंत्राचा टिकटिक ठोका लावला, कीं ठेका सरळ होतो, आणि त्याचबरोबर ज्याच्यासाठीं तो वाजत होता तो मनुष्य नाहींसा होतो.

हें मी पुस्तकावरून बोलत नाहीं. माझें आजोळ भातकुलीचें. अमरावतीच्या पश्चिमेचा हा भाग खारपाणपट्ट्यांतला. विहिरीचें पाणी मचूळ, म्हणून गोड्या पाण्याला भारी मोल. कापूस वेचून झाला आणि ज्वारी खळ्यावर आली, कीं भटक्यांची ये-जा सुरू होई. किंगरी वाजवीत नाथजोगी येई, मोरपिसांची टोपी घालून पहांटे वासुदेव येई, गोंधळी येत, आणि ढोल बडवीत डोंबाऱ्यांचें कुटुंब येई. तारेवर चालणाऱ्या पोरीपेक्षां तिच्या बापाचा ढोलच मला अधिक भिववी. तो असा कांहीं वेग घेई कीं, पोरगी पडणारच, असें वाटे. आजी सुपांत ज्वारी घालून देई, आणि खेळ संपे.

एकदां रात्रीं गांवाबाहेरच्या पालांकडून गाण्याचा आवाज आला. ढोल नव्हता. दोनतीन बायका अगदीं संथपणें, एकीनें सोडलेला सूर दुसरीनें उचलीत, आमच्या ओळखीच्या नसलेल्या भाषेंत कांहींतरी म्हणत होत्या. आम्ही पोरें उठून निघालों, तशी आजी म्हणाली, “पोट्टेहो, तिकडे नोका जाऊ. थे त्यायच्या घरचं गानं आहे.” त्या वेळीं मला तो नुसता धाक वाटला. आज वाटतें कीं, कोणत्याहि संगीतशास्त्रज्ञाहून तिनें तो भेद नेमका सांगितला होता. दारावर आलेलें गाणें ऐकावें, त्याचे दाणे द्यावे. घरचें गाणें बोलावल्यावांचून ऐकावयास जाऊं नये.

याच भातकुली तालुक्यांत पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन नांवाचें क्षेत्र आहे. पौषांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. नांवांतच ऋणांतून सुटका आहे, म्हणून लोक श्रद्धेनें स्नान करितात. ज्या गाडगेबाबांचें नांव या क्षेत्राशीं कायमचें जोडलें गेलें आहे, ते स्वतः जन्मभर भटके. हातांत गाडगें, अंगावर चिंध्या, आणि कीर्तनांत सांगणें हें कीं, ऋण काढून सण करूं नका. १९५६ च्या डिसेंबरांत त्यांनीं देह ठेवला तोहि प्रवासांतच, अमरावतीच्या वाटेवर, वलगांवजवळ. त्यांच्यावरचा ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट १९७७ सालीं निघाला. बाबांचा उपदेश शेतकऱ्यासाठीं होता. पण चित्रपटसंगीताला तो लावून पाहिला तर नेमका बसतो. आपल्या वाद्यवृंदांनीं भटक्यांकडून ऋण काढून पुष्कळ सण साजरे केले. सण छान झाले. ऋण तेवढें वहींत राहिलें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. चित्रपटानें हे सूर घेतले नसते तर ते केव्हांच विरून गेले असते. आज संबळाचा आवाज शहरांतल्या मुलाला ठाऊक आहे, तो चित्रपटामुळेंच. शिवाय दाराचें गाणें खोटें आणि पालाचें तेवढें खरें, असें तरी कोणीं सांगितलें? हंगेरीचा रोमा व्हायोलिनवादक आपल्या कलेवर कुटुंब पोशी आणि तिचा त्याला अभिमान असे. फडावरच्या नर्तकीची अदा ही कांहीं लबाडी नव्हे, ती वर्षानुवर्षांची साधना आहे. हें सर्व मला मान्य आहे. दाराचें गाणें ही कमावलेली कला आहे, आणि म्हणूनच तिचें मोल दिलें पाहिजे. माझें म्हणणें इतकेंच कीं, दारांतून जें मिळालें त्यावरून घराचा नकाशा काढूं नये. आणि दारांतून जें घेतलें तें फुकट घेतलें असें मानूं नये.

अलीकडच्या मराठी चित्रपटांत मला कांहीं बदल दिसतो. २००९ सालच्या ‘जोगवा’मध्यें अजय-अतुल यांनीं यल्लम्माच्या जोगत्यांचें चौंडकें आणि तुणतुणें यांना मोठ्या वाद्यमेळांत स्थान दिलें, आणि त्या संगीताला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तेथें तो ठेका शोभेसाठीं येत नाहीं. ज्या तरुणाच्या अंगावर सक्तीनें लुगडें आलें त्याचा कोंडमारा तो सांगतो. पुढें नागराज मंजुळे आले. दगड फोडीत हिंडणाऱ्या वडार समाजांत जन्मलेला हा दिग्दर्शक. त्यांच्या ‘फँड्री’चा नायक कैकाडी घरांतला पोरगा, आणि त्याला हलगीचें वेड. गांवच्या जत्रेंत ज्याला ताल धरून नाचावयाचें असतें, त्याच्या डोक्यावर दिव्याचें ओझें येतें. २०१६ सालच्या ‘सैराट’साठीं तर अजय-अतुल यांनीं हॉलिवुडच्या सोनी ध्वनिमुद्रणगृहांत पाश्चात्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलें. करमाळ्याच्या मातींतल्या एका मच्छीमाराच्या पोराचें प्रेम, आणि त्यामागें शेंकडों तारांचा तो महापूर!

त्या वेळीं कित्येकांनीं यांत केवळ खर्चाची फुशारकी पाहिली. मला त्यांत दिशा बदललेली दिसली. आजवर नागर वाद्यवृंद पालाकडे जाऊन सूर उचलून आणीत होता. येथें पालाकडून आलेला मनुष्य सरळ वाद्यवृंदाकडे गेला, आणि म्हणाला कीं, राजपुत्रांच्या प्रेमासाठीं जें वाजवितां तें आमच्यासाठींहि वाजवा. तो महापूर पहिल्या अर्ध्या भागांतल्या स्वप्नापुरता आहे. दोघें हैदराबादेस पळून गेल्यावर गाणीं सरतात. आणि अखेरीस, रक्तांत भिजलेलीं बाळपावलें उमटत जातात त्या वेळीं, संगीतच नाहीं, पूर्ण शांतता. ज्याला वाद्यवृंद कोठें वाजवूं नये हें कळलें, त्याला पालाच्या गाण्याची मर्यादा कळली, असें मी समजतों. माझ्या आजीनें आम्हां पोरांना ओसरीवर थांबविलें, त्याच जागीं त्यानें आपल्या वादकांना थांबविलें.

परंतु दिशा बदलली म्हणून जुनें देणें फिटत नाहीं. कायद्याची या बाबतींत फारशी मदत होत नाहीं. प्रताधिकाराचा १९५७ चा कायदा ओळखतो तो कर्त्याला. २०१२ च्या दुरुस्तीनें चित्रपटाच्या कवींचा आणि संगीतकारांचा स्वामित्वधनाचा वाटा पक्का केला, तें योग्यच झालें. पण परंपरेनें आलेल्या चालीला कर्ता नाहीं. जी कोणा एकाची नाहीं ती सर्वांची, असें ठरतें. आणि व्यवहारांत ती जो प्रथम कागदावर उतरवील त्याची होते. आठ पिढ्या जिनें ती तोंडानें सांभाळली, ती जमात या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं.

तेव्हां कायदा सुधारेपर्यंत निदान तीन गोष्टी शिष्टाचार म्हणून तरी पाळतां येतील. ज्या जमातीकडून, ज्या भागांतून चाल घेतली त्यांचें नांव पडद्यावर यावें. नुसतें ‘पारंपरिक’ म्हणून सुटका करून घेऊं नये, कारण परंपरेलाहि घर असतें. दुसरें, ज्याचें वाद्य त्याच्याच हातांत ध्वनिमुद्रण व्हावें, आणि व्हायोलिनवाल्याला जें मानधन तेंच संबळवाल्याला मिळावें. तिसरी गोष्ट प्रेक्षकांची, म्हणजे तुमचीआमची. आम्ही सुशिक्षित कुटुंबांतली माणसें लावणीचा कार्यक्रम तिकीट काढून पाहतों, जिप्सी व्हायोलिनच्या मुद्रिका कौतुकानें ऐकतों, आणि गांवाबाहेर पालें पडलीं कीं फाटकाला कुलूप लावतों. एकाच हातानें टाळी आणि कुलूप, हें शोभणारें नाहीं.

चित्रपट संपला, कीं श्रेयनामावली वर सरकूं लागते, आणि त्याच क्षणीं आपण खुर्चीखालचीं पायताणें चांचपूं लागतों. अक्षरें बारीक असतात, दिवे लागलेले असतात, पोरें घाई करीत असतात. तरी मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतों कीं, तीं दोनतीन मिनिटें बसून राहा. व्हायोलिन वाजविणाऱ्यांचीं नांवें येतील, ध्वनियंत्र सांभाळणाऱ्यांचीं येतील, चहा आणून देणाऱ्यांचींहि येतील, आणि तीं यावींतच. त्यांत किंगरीवाल्याचें, हलगीवाल्याचें, चौंडकेंवाल्याचें नांव शोधा. सांपडलें तर तें मोठ्यानें वाचा. न सांपडलें, तर ज्या सुरानें मघांशीं तुमचा गळा दाटून आला होता, त्याचे दाणे अजून सुपांत पडलेले नाहींत, एवढें ध्यानांत ठेवून घरीं जा.